कर्जवसुलीचा दावा आलाय, वकील नाही : ठाणे-बेलापूर कोर्टात स्वतः उत्तर कसं द्यायचं?

रोजनामा :
कर्जाच्या समन्सवर दर पंधरा दिवसांनी नवा धागा निघतो, अर्धी उत्तरं इकडे, अर्धी तिकडे. यापुढे सगळं इथेच लिहूया. हातात आलेला कागद कोणता आणि त्याला किती दिवसांत उत्तर द्यायचं, एवढंच न कळल्यामुळे बरेच हुकूमनामे (पैसे द्या असे कोर्टाचे निकाल) होतात. म्हणून आधी कागद ओळखा.

वकिलाच्या लेटरहेडवर आलेली नोटीस म्हणजे दावा नव्हे. "दावापूर्व लोकअदालत" असं बोलावणं आलं तर तेही समन्स नव्हे. गेलं नाही तर एकतर्फी निकाल लागत नाही. पण तिथे तडजोडीवर सही केली की तो निवाडा हुकूमनाम्यासारखाच बजावता येतो आणि त्यावर अपील नाही. लवादाची नोटीस हा तिसरा प्रकार, तो कोर्टाबाहेर चालतो. चेक परत गेल्याची कलम १३८ ची तक्रार किंवा ऑटो-डेबिट परत गेल्याची तक्रार फौजदारी असते. तिच्या तारखेला स्वतः हजर राहावंच लागतं आणि हा धागा त्यासाठी नाही.

खऱ्या दिवाणी समन्सवर कोर्टाचं नाव, दावा क्रमांक, पुढची तारीख, सही-शिक्का असतो आणि सोबत वादपत्राची (वादीच्या दावा-अर्जाची) प्रत असते. आजकाल व्हॉट्सअ‍ॅपवर "कोर्ट ऑर्डर"च्या नावाने काहीही पाठवतात. ई-कोर्ट्स अ‍ॅपवर १६ अक्षर-अंकी सीएनआर (प्रकरणाचा ओळख क्रमांक) टाकून बघा, ठाणे जिल्ह्याचा एमएचटीएचने सुरू होतो. सीएनआर नसेल तर पक्षकाराच्या नावाने शोधा. मराठी नावांचं इंग्रजी स्पेलिंग तिथे कसंही असतं, तेव्हा दोन-तीन प्रकारे टाकून पाहा.

सेक्टर_१७ :
समन्समध्ये "ऑर्डर ३७" आणि दहा दिवस लिहिलंय. दहा दिवसांत कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) द्यायची का? आणि कागद घरी आईने घेतला असेल तर दिवस कधीपासून मोजायचे?

पुरसिस :
नाही! सगळ्यात जास्त चूक इथेच होते. दिवाणी प्रक्रिया संहितेतली ऑर्डर ३७ म्हणजे समरी सूट, झटपट चालणारा दावा. यात पहिल्या दहा दिवसांत कैफियत द्यायची नसते, फक्त *हजेरी* नोंदवायची असते. लोक बिचारे दहा दिवस राबून वीस पानी कैफियत लिहितात, हजेरीचा कागद देत नाहीत, आणि कोर्टाच्या दृष्टीने ते गैरहजर ठरतात.

क्रम असा. समन्स मिळाल्यापासून दहा दिवसांत एक पानाचा हजेरी अर्ज: "प्रतिवादी जातीने हजर होत आहे, नोटीस बजावण्याचा पत्ता अमुक." त्याच दिवशी वादीच्या वकिलाला हजर झाल्याची लेखी सूचना. हाती देऊन पोच घ्या किंवा टपालाने पाठवून पावती ठेवा. त्यानंतर वादी "समन्स फॉर जजमेंट" बजावतो, सोबत त्याचं प्रतिज्ञापत्र असतं. ते मिळाल्यापासून पुन्हा दहा दिवस. या दहा दिवसांत लीव्ह टू डिफेंडचा, म्हणजे बचावाची परवानगी मागण्याचा अर्ज प्रतिज्ञापत्रासह द्यायचा. परवानगी मिळाली तरच कैफियतीची पाळी येते.

हजेरीच दिली नाही तर वादपत्रातला मजकूर कबूल धरून हुकूमनामा होतो. हजेरी दिली पण परवानगीचा अर्ज दिला नाही, तरी तेच.

दिवस मोजताना बजावणीचा दिवस सोडायचा. ३ तारखेला कागद मिळाला तर १३ हा शेवटचा दिवस. त्या दिवशी कोर्ट बंद असेल तर उघडेल त्या दिवशी. मे महिन्याच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीत मुदत संपत असेल तर हे लक्षात ठेवा, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

आईने घेतलेला कागद: तुम्ही घरी नसताना आणि लवकर येण्याची शक्यता नसताना घरातल्या सज्ञान व्यक्तीने घेतला, तर बजावणी झाली. घरच्या नोकराला दिलेला कागद यात बसत नाही. सोसायटीचा वॉचमन तर घरातला नव्हेच. "घ्यायचं नाकारलं" असा शेरा मात्र बजावणीच ठरतो, तेव्हा बेलिफला (समन्स बजावणाऱ्या कोर्टाच्या कर्मचाऱ्याला) दारातून परत पाठवण्यात शहाणपण नाही. समन्स घेणं म्हणजे कर्ज कबूल करणं नव्हे.

खाडीपल्याड :
आधी कोणतं कोर्ट ते वाचा. ऐरोली, घणसोली, वाशी, नेरूळ, बेलापूर हे ठाणे जिल्ह्यात, म्हणून दावा बेलापूरला किंवा ठाण्याला कोर्ट नाक्यावर. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल मात्र रायगडमध्ये, त्यांचं कोर्ट पनवेल. पत्त्यात "नवी मुंबई" दिसलं की बेलापूर गाठणारे पुष्कळ, अर्धा दिवस तिथेच जातो. बँकेचा दावा २० लाख किंवा त्यावरचा असेल तर तो दिवाणी कोर्टात नसतो, डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) असतो, तिथले नियम वेगळे.

दावा दिल्ली, चेन्नई, कोलकाता असा लांब कुठे असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम २० बघा: प्रतिवादी राहतो तिथे, किंवा दाव्याचं कारण पूर्ण वा अंशतः घडलं तिथे. हरकत पहिल्याच संधीला घ्यायची, नंतर ऐकत नाहीत. करारात "अमुक शहराचेच न्यायालय" असं कलम असतं, तेही वाचा.

काउंटरवर जाताना अर्जाच्या किमान तीन प्रती न्या: कोर्टाची, वादीच्या वकिलाची, आणि तुमची, जिच्यावर आवक शिक्का घ्यायचा. तो शिक्का नसेल तर दहाव्या दिवशी दिलेला अर्ज तेराव्या दिवशीचा व्हायला वेळ लागत नाही. आधार, समन्सची मूळ प्रत, कोर्ट फी तिकिटं लावायला डिंक. (हो, डिंक. तिथे मिळत नाही.)

प्रतिज्ञापत्रासाठी बाहेर बसलेला स्टॅम्पवाला ५०० चा स्टॅम्प गळ्यात मारतो. कोर्टात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे, साध्या कागदावर चालतं. ते नोटरीसमोर किंवा कोर्टातल्या अधिकृत अधिकाऱ्यासमोर करा. भाषा मराठी चालते. मोडक्या इंग्रजीपेक्षा सरळ मराठी कधीही बरी.

वर्तकनगर :
सगळं बरोबर, पण लीव्ह टू डिफेंड स्वतः लिहू नका असं मी म्हणेन. "माझी नोकरी गेली, आजारपण आलं" असं चार पानं लिहून नेतात. कोर्टाला सहानुभूती वाटते आणि हुकूमनामा होतो. अडचण हा बचाव नाही.

पुरसिस :
@वर्तकनगर, अडचण हा बचाव नाही हे शंभर टक्के मान्य. "स्वतः लिहू नका" हे मान्य नाही. रक्कम दीड लाख आणि वकिलाची फी तीस-चाळीस हजार, असं असलं तर माणूस काय करणार?

कोर्ट बघतं ते एवढंच: साक्षीपुरावा घेऊन तपासावी अशी काही वस्तुस्थिती आहे का. भक्कम बचाव दिसला तर बिनशर्त परवानगी. मुद्दा आहे पण प्रामाणिकपणाची शंका आली तर रक्कम भरा किंवा तारण द्या, या अटीवर. काहीच नसेल तर नकार. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या हबटाउन निकालात ही पायरी-पायरीची मांडणी केली आहे. आणि जेवढी रक्कम तुम्ही स्वतःच देणं कबूल करता, तेवढी कोर्टात भरल्याशिवाय परवानगी मिळत नाही. म्हणजे "१,१०,००० देणं आहे, २,४०,००० नाही" असं लिहिलंत तर १,१०,००० तयार ठेवा. हे माहीत नसताना आकडा लिहिणारे गोत्यात येतात.

चालणारे मुद्दे: भरलेले हप्ते जमेला धरलेले नाहीत (पासबुकाची पानं जोडा), दावा मुदतबाह्य, करारावरची सही तुमची नाही, कर्ज दुसऱ्या कंपनीकडे गेलं पण हस्तांतराचा करार जोडलेला नाही, रक्कम निश्चित नाही, वादपत्रात ऑर्डर ३७ खाली असल्याचं स्पष्ट विधान नाही. यातला प्रत्येक मुद्दा तारीख, आकडा आणि कागद घेऊन आला पाहिजे.

दहा दिवस हुकले तर विलंब माफीचा अर्ज सोबत द्या, पुरेसं कारण दिसलं तर कोर्ट माफ करू शकतं. हुकूमनामाच झाला असेल तर ऑर्डर ३७ चा नियम ४. तिथे "विशेष परिस्थिती" दाखवावी लागते: का आलो नाही, आणि बचाव काय आहे, दोन्ही. नुसतं पहिलं पुरत नाही.

मोहरी :
माझ्या माहितीतला दावा साधा आहे, ऑर्डर ३७ नाही. तिथे ३० दिवस ना?

रोजनामा :
हो ताई. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत कैफियत, कारण दाखवून ९० पर्यंत. साध्या दाव्यात ९० नंतरही कोर्ट अपवाद म्हणून खर्चाच्या अटीवर घेऊ शकतं. कमर्शियल दावा असेल तर १२० दिवसांवर एक दिवसही मिळत नाही, हक्कच जातो. वादपत्राच्या शीर्षकात "कमर्शियल" आहे का ते पहिल्या पानावर बघा. असेल, आणि तातडीचा अंतरिम आदेश मागितलेला नसेल, तर दाव्याआधी मध्यस्थी बंधनकारक होती. ती केलेली नसेल तर हा मुद्दा आधी मांडा.

कैफियत लिहायची ती वादपत्राच्या परिच्छेदांना धरून. "सर्व मजकूर खोटा व नाकबूल" या एका ओळीला कोर्टात किंमत नाही. स्पष्ट नाकारलं नाही ते कबूल धरलं जातं. असं लिहा:

"परिच्छेद २ : कर्ज मंजूर होऊन रक्कम खात्यात आल्याचे कबूल. मात्र मंजूर रु. ३,००,००० पैकी प्रत्यक्षात रु. २,८६,५०० जमा झाले.
परिच्छेद ५ : प्रतिवादीने ११ हप्ते भरले हे नाकबूल. प्रतिवादीने १९ हप्ते भरले असून खातेउतारा दस्तऐवज यादीत क्र. ३ वर आहे.
परिच्छेद ७ : नोटीस मिळाल्याचे नाकबूल. वादीने पोच हजर केलेली नाही."

जे खरं आहे ते कबूल करा. प्रतिज्ञेवर खोटं लिहिणं गुन्हा आहे, आणि उलटतपासात एक खोटं उघडं पडलं की बाकीचं खरंही धुऊन जातं. शेवटी "अधिकचे म्हणणे" या मथळ्याखाली मुदत, अधिकारक्षेत्र, हिशोब. मग सत्यापन (मजकूर खरा असल्याचं विधान), तारीख, ठिकाण, सही, सोबत प्रतिज्ञापत्र. कागदांच्या झेरॉक्स दस्तऐवज यादीसह त्याच दिवशी द्या, कारण नंतर आणलेल्या कागदाला कोर्टाची परवानगी लागते.

करारात लवादाचं कलम असेल आणि तुम्हाला ते हवं असेल, तर लवाद कायद्याच्या कलम ८ चा अर्ज कैफियतीच्या *आधी* किंवा फार तर तिच्यासोबत. कैफियत देऊन झाली की तो रस्ता बंद. उलट बाजूने, कंपनीने एकतर्फी नेमलेला लवाद असेल तर त्या नेमणुकीलाच लेखी हरकत घ्या. एका बाजूने एकट्यानेच लवाद नेमणं सर्वोच्च न्यायालयाला २०१९ च्या पर्किन्स निकालापासून मान्य नाही.

सेक्टर_१७ :
मुदतीचा मुद्दा जरा उलगडून सांगाल का? २०२० च्या सुरुवातीला हप्ते थांबलेले असतील तर तीन वर्षं कधीच झाली की.

पुरसिस :
नाही झाली, आणि यात भलेभले फसतात. पैशाच्या दाव्याला साधारण तीन वर्षं हे बरोबर. पण सर्वोच्च न्यायालयाने कोविडमुळे १५-०३-२०२० ते २८-०२-२०२२ हा काळ मुदतीतून वगळला. ते ७१६ दिवस. समजा दाव्याचं कारण १० जानेवारी २०२० ला घडलं. एरवी मुदत १० जानेवारी २०२३ ला संपली असती. ७१६ दिवस जोडले की ती २६ डिसेंबर २०२४ च्या आसपास जाते. आधी हे गणित कागदावर मांडा, मग "मुदतबाह्य" लिहा. वादपत्रात "दाव्यास कारण" असा परिच्छेद असतो, वादीने तिथे कोणती तारीख धरली आहे आणि का, ते तपासा. शेवटचा हप्ता, कर्ज रिकॉल केल्याची नोटीस, शेवटची नोटीस, यातली सोयीची तारीख धरलेली असते. नुसती नवी नोटीस पाठवून मुदत पुन्हा सुरू होत नाही.

मुदत नव्याने सुरू होते ती तुमच्या सहीने. मुदत संपायच्या आत लेखी, सहीनिशी देणं मान्य केलंत की त्या दिवसापासून पुन्हा तीन वर्षं. आणि मुदत संपल्यावरही "मी देईन" असं लेखी सहीने दिलंत, तर करार कायद्याच्या कलम २५(३) प्रमाणे तो नवा करार होतो. म्हणून एजंट "साहेब, सेटलमेंटचा फॉर्म आहे, फक्त सही करा" म्हणतो तेव्हा त्यातलं "थकबाकी मान्य आहे" हे वाक्य शोधा.

वर्तकनगर :
+१. "टोकन म्हणून ५०० टाका" हाही त्यातलाच प्रकार. लेखी नोंद असलेला भरणा मुदतीच्या आत झाला तर मुदत पुढे सरकवतो.

खाडीपल्याड :
हिशोबावर माझे दोन पैसे, कारण खरी लढाई तिथे असते आणि तिथे वकील लागत नाही, वही आणि कॅल्क्युलेटर लागतो.

वादीने जोडलेला खातेउतारा घ्या, शेजारी तुमच्या बँकेचा उतारा. पाच रकाने आखा: तारीख, तुम्ही भरलेली रक्कम, वादीने जमा दाखवलेली रक्कम, वादीने लावलेलं शुल्क, शुल्काचं नाव. फरक बहुतेक चार जागी सापडतो. यूपीआयने किंवा एजंटकडे रोख भरलेले हप्ते, ज्यांची पावती तुमच्याकडे आहे पण उताऱ्यात नोंद नाही. मंजूर रकमेतून आधीच कापलेली प्रोसेसिंग फी आणि विम्याचा हप्ता. एकाच महिन्यात दोन-तीनदा लावलेलं बाउन्स शुल्क. आणि दंडव्याज.

दंडव्याजाचं सविस्तर सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने दंड हा व्याजदरात मिसळता येत नाही, वेगळं शुल्क म्हणून दाखवावा लागतो, आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. नव्या कर्जांना हे १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं, जुन्या कर्जांना ३० जून २०२४ च्या आत लावायचं होतं. म्हणजे जुलै २०२४ नंतरच्या उताऱ्यात दंडाची रक्कम मुद्दलात मिसळून पुढच्या महिन्याचं व्याज काढलेलं दिसलं, तर ती ओळ अधोरेखित करा. करारातला मूळ व्याजदर जास्त आहे म्हणून मात्र बँकेविरुद्ध फारसं काही होत नाही. बँकिंग नियमन कायद्याच्या कलम २१ए मुळे कोर्ट तो हिशोब उघडत नाही.

शेवटी एकच तक्ता: वादीचं म्हणणं, तुमचं म्हणणं, फरक. एका पानात. न्यायाधीशांच्या बोर्डावर ढीगभर प्रकरणं असतात, तुमचं एक पान वाचलं जाईल, तीस पानं नाही.

मोहरी :
आणि पतपेढीचं? ठाण्यात निम्म्या लोकांचं कर्ज तिथेच असतं.

रोजनामा :
तो मामला कोर्टाचा नव्हेच. पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली उपनिबंधक किंवा सहायक निबंधकांकडे जाते आणि वसुली दाखला मागते. तिथून आलेली सुनावणीची नोटीस साधी दिसते म्हणून लोक बाजूला ठेवतात. दाखला निघाला की तो रकमेचा निर्णायक पुरावा, आणि वसुली अधिकारी थेट जप्तीला येतो. दाखल्याविरुद्ध कलम १५४ चं पुनरीक्षण दोन महिन्यांत करता येतं, पण वसूल करायच्या रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात. म्हणजे काय सांगायचं ते सुनावणीतच, लेखी, हिशोबासह सांगा.

जामीनदारांनीही ऐका. कर्जदाराला सोडून थेट तुमच्याकडे येण्याचा संस्थेला हक्क आहे. तुमच्या संमतीशिवाय कर्जाच्या अटी बदलल्या असतील, म्हणजे मुदत वाढवली, रक्कम वाढवली, तर पुढच्या व्यवहारापुरते तुम्ही सुटू शकता. मात्र जामीनपत्रात बहुधा अशा बदलाला आगाऊ संमती छापलेली असते, तेव्हा आधी ते वाचा.

पुरसिस :
खासगी सावकाराने दावा केला असेल तर एक गोष्ट पहिल्यांदा विचारा: कर्ज दिलं त्या वेळी परवाना होता का? महाराष्ट्र सावकारी अधिनियम २०१४ प्रमाणे परवाना नसलेल्या सावकाराला हुकूमनामा देता येत नाही. जिल्हा उपनिबंधकांकडे माहिती मिळते. पण मित्राने एकदाच हातउसने दिले तर ती सावकारी ठरत नाही, आणि बँका आणि एनबीएफसींना (बिगर-बँक वित्त कंपन्यांना) हा कायदा लागत नाही.

सेक्टर_१७ :
आणि आधीच एकतर्फी निकाल लागला असेल, पगाराला जप्ती आली असेल तर?

वर्तकनगर :
साध्या दाव्यात ऑर्डर ९ नियम १३ चा अर्ज, हुकूमनाम्यापासून ३० दिवसांत. समन्स नीट बजावलंच नव्हतं तर हुकूमनामा कळल्यापासून ३० दिवस. आधी नक्कल अर्ज करून बेलिफचा अहवाल काढा. "दारावर डकवले" असेल तर कोणत्या पत्त्यावर, साक्षीदार कोण, हे बघा. घर बदलल्याचा भाडेकरार किंवा जुन्या सोसायटीचं पत्र इथे कामाला येतं. नुसता अर्ज केल्याने दरखास्त (हुकूमनाम्याची अंमलबजावणी) थांबत नाही, स्थगिती वेगळी मागा.

पगाराचं गणित दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये आहे. पहिले १,००० आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित. ४०,००० पगार असेल तर ३९,००० चा एक तृतीयांश, म्हणजे महिना १३,००० पर्यंत जप्ती. एका हुकूमनाम्यापोटी एकूण २४ महिने कपात झाली की पगार त्या हुकूमनाम्यातून सुटतो. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीला हात लावता येत नाही. पैशाच्या हुकूमनाम्यात बाईला अटक होत नाही. इतरांनाही नुसते पैसे नाहीत म्हणून होत नाही, ऐपत असून देत नाही हे दाखवावं लागतं.

हप्ते हवे असतील तर निकाल लागायच्या आधी मागा. निकालानंतर हप्ते पाडून घ्यायला वादीची संमती लागते.

रोजनामा :
ज्यांना फी परवडत नाही त्यांच्यासाठी: स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांना महाराष्ट्रात वार्षिक ३ लाखांच्या आत उत्पन्न हवं. ठाण्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयातच आहे, फोनवर १५१००. पण वकील नेमून मिळेपर्यंत दहा दिवसांचं घड्याळ थांबत नाही. हजेरीचा अर्ज स्वतःच्या सहीने आधी द्या, विधी सेवेचा अर्ज त्याच दिवशी नंतर.

मोहरी :
शेवटचं एक. वादीचा वकील कोर्टाबाहेर म्हणाला, पैसे भरा, दावा काढून घेतो. मग तारखेला जायचं का?

पुरसिस :
जायचंच. तोंडी ठरलं ते कोर्टाच्या रोजनाम्यात (रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) येत नाही. पैसे कंपनीच्या खात्यातच, एजंटच्या यूपीआयवर नाही. तडजोडीची पुरसिस (लेखी निवेदन) दोघांच्या सहीने कोर्टात द्या. तिच्यात एकूण रक्कम, तारखा, "यापुढे काहीही येणे नाही" आणि नो ड्यूज किती दिवसांत ते लिहून घ्या. मग ई-कोर्ट्सवर दावा "निकाली" दिसेपर्यंत समन्सची प्रत फाडू नका.